मुठीची जागा

ट्रकवरून उतरवताना गाडीचं पुढचं एक चाक फिरतच नव्हतं, आणि ते बघून फोरमनबाई खूश झाल्या.

"जाम आहे म्हणजे मधल्या काळात कुणी हात घातलेला नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कुणीतरी उघडून, ठोकून, भलतंच बसवलेल्या गाडीपेक्षा गंजलेली गाडी केव्हाही बरी."

"तुझं आपलं काहीतरीच," नवरा म्हणाला. "लोक गाडी सुरू झाली की पेढे वाटतात, तू बंद पडली की वाटशील." पण तोही गाडीभोवती फिरून बोटानं रंग चाचपून बघत होता. तो गाड्यांचा रंगारी. पत्र्यावर रंगाचे किती थर आहेत, हे त्याला नखानं कळायचं.

बाई आधी बसच्या वर्कशॉपात फोरमन होत्या. ती नोकरी सोडून दोघांनी हे गॅरेज काढलं, तरी गल्लीत त्यांना सगळे फोरमनबाईच म्हणत. चिडला की नवरासुद्धा. जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात उभ्या करायच्या, एवढंच काम त्या घेत.

ही गाडी होती दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची आणि जमिनीला पोट लागेल इतकी बसकी. ती बनवणारा छोटा कारखाना कधीच बंद पडला होता. अशा कारखान्यांचं एक असतं. गाड्या बनत असतानाच त्यांचे विचार बदलत राहतात. आज बॅटरी मागे, तर पुढच्या महिन्यात पुढे. आज भोंगा डावीकडे, उद्या उजवीकडे. कारखान्याच्या माहितीपुस्तकात एक छापलेलं आणि पत्र्यात दुसरंच. म्हणून प्रत्येक गाडीत कुठली वस्तू कुठे होती, ते भोकं आणि खुणा शोधून ठरवावं लागतं. फोरमनबाईंना त्या कामाचा नाद होता. नाद कसला, वेडच.

गाडी होती डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंची. वयानं साठीच्या आसपास, बोलणं तोलूनमापून.

"गाडी माझ्या दादाची," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "घाटात त्याच्या हातून रस्ता सोडून खाली गेली. तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. शेवटपर्यंत एकच सांगायचा, मी वळवली नाही, ती वळली. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. मागच्या वर्षी गेला तो. आता मला ही गाडी कारखान्यातून निघाली तशी करून हवी आहे. आणि त्याच घाटातून मी ती एकटी नेणार आहे."

"एकट्या कशाला?"

"तोही एकटाच होता."

फोरमनबाईंना ते उत्तर आवडलं. हट्टी माणसाला हट्टी माणूस लगेच ओळखू येतो.

इंजिन झालं, ब्रेक झाले, चेपलेला पत्रा सरळ झाला, चाकं मोकळी झाली. डॅशबोर्ड अजून तसाच होता. कधीतरी मऊ कापडाचं अस्तर डकवलेलं होतं त्याच्यावर. रंगाला हात लावण्याआधी एक फेरी मारावी, म्हणून बाई एका ढगाळ दुपारी गाडी बाहेर घेऊन गेल्या. गावाबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता रिकामा असायचा. दोन्हीकडे उंच सुकलेलं गवत, मध्ये एक लांबलचक डावं वळण.

वळण यायच्या आधीच स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं.

झटका नव्हता. हळूच, पण नेमकं. बाईंनी गाडी सरळ केली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. हवा कमी असली, चाकांचा कोन चुकलेला असला, एखादा ब्रेक धरत असला, की गाडी ओढते. पण त्या ओढण्यात सातत्य असतं. हे थांबून थांबून होत होतं. कुणीतरी विचार करून ओढल्यासारखं. आणि उघड्या गाडीत वारा तोंडावर येत असताना शेजारच्या सीटकडून भिजलेल्या लोकरीचा वास येत होता.

बाई परत आल्या आणि थेट गाडीखाली शिरल्या. दोन दिवस त्यांनी चाकांपासून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत सगळं उलगडून मोजलं. कुठेही काही चुकलेलं नव्हतं.

"आता तुम्ही चला बरोबर," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा शेजारी बसला. गाडी बाणासारखी सरळ गेली. त्या वळणावरसुद्धा. बाईंनी स्टिअरिंगचं चाक अगदी सैल धरून बघितलं, तरी काही नाही.

"झालं तर मग," परत आल्यावर त्या म्हणाल्या. "माझ्याच हातात दोष असेल."

नवरा उतरला, पण लगेच आत गेला नाही. सीटकडे बघत उभा राहिला.

"अगं, ही सीट फार अरुंद आहे का गं?"

"चांगली ऐसपैस आहे. का?"

"काही नाही..." तो मांडी चोळत म्हणाला. "मला सगळा वेळ दाटीवाटीत बसल्यासारखं वाटलं. हा पाय तर गार पडलाय बघ."

बाईंनी हात लावून बघितला. पाय खरंच गार होता. उजवा. ड्रायव्हरच्या बाजूचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डॅशबोर्डवरचं अस्तर टराटरा फाडून काढलं. दोष यंत्रात नसेल तर पत्र्यात असेल, पत्र्यात नसेल तर आणखी कुठे. शोधायचा म्हणजे शोधायचा.

अस्तराखाली स्टिअरिंगच्या अगदी लगत, डाव्या बाजूला, दोन भोकं निघाली.

"ही मुठीची," बाई म्हणाल्या. शेजारी बसणाऱ्यानं वळणावर धरायची कातडी मूठ अशा गाड्यांत असते. "दादांनी अस्तर लावताना मूठ काढून टाकली असणार. पण ही जागा... इथे कशी?"

त्यांचं बुचकळ्यात पडणं बरोबरच होतं. मूठ असते डाव्या टोकाला, दाराजवळ. पुस्तकातल्या चित्रातही तिथेच होती. चाकाला खेटून मूठ बसवली, तर शेजारच्या माणसाला आडवं होऊन ती धरावी लागेल, आणि ड्रायव्हरच्या कोपराला त्याचा हात लागेल.

नवऱ्यानं रंग थराथरानं घासायला घेतला. मधोमध आला आणि थांबला.

"इथे पण होती," तो म्हणाला. "ही बघ दोन भोकं. शिशानं बुजवलेली. आणि त्यावर कारखान्याचा पहिला रंग आहे, अभंग. म्हणजे कारखान्यातच आधी मध्ये भोकं पाडली, मग बुजवली, मग पलीकडे पाडली. एका मुठीसाठी एवढी यातायात? कुणी मूठ मारली होती की काय कारखान्यावर!"

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

तशा अजून दोन गाड्या त्यांना माहीत होत्या. एक होती एका आर्किटेक्टकडे, हिच्या बऱ्याच आधीच्या नंबरची. तिच्यात मूठ दाराजवळ, पुस्तकात होती तशीच. दुसरी एका हॉटेलवाल्याकडे, तिच्यानंतरची. तिच्यात मूठ बरोबर मधोमध. डॉक्टरांची गाडी तिच्याही नंतरची, आणि तिच्यात मूठ चाकाजवळ. बाईंनी गॅरेजच्या फरशीवर खडूनं तीन डॅशबोर्ड काढले, एकाखाली एक, आणि मुठीच्या जागी फुल्या मारल्या. मग स्टूल ओढून त्या बघत बसल्या.

फुली प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या जवळ सरकत होती.

हॉटेलवाल्यानं एक पत्ता दिला होता. कारखान्यात नव्या गाड्या चालवून बघणारा माणूस अजून हयात होता. सुनेकडे राहत होता. बाई दुसऱ्याच दिवशी तिथे गेल्या.

खोलीत पडदे ओढलेले होते. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झाल्यानं आजोबांना उजेड सोसत नव्हता. अंधाराला डोळे सरावेपर्यंत बाईंना खुर्चीतली एक बारीक आकृती आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन मोठे हात एवढंच दिसलं. सुनेनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "गाड्यांचं विचारा, खुलतील. एरवी दिवसभर गप्प असतात."

बाईंनी मुठीचं विचारलं. आजोबा खुलले नाहीत. उलट त्यांनी सुनेला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"तुमची ओढते का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"डावीकडे. एकटी असले की."

"हं..." आजोबांनी मान डोलावली. "आम्ही रोज एकट्यानं गाडी न्यायचो, बाई. शेजारची जागा रिकामी. पहिल्या गाड्या ठीक होत्या. मग एक दिवस वळणावर चाकाला कुणीतरी हात लावला. घाबरून लावतात ना, तसा. मी साहेबांना सांगितलं. ते स्वतः गाडी घेऊन गेले. परत आले ते पांढरेफटक. पण माणूस हुशार. म्हणाले, घाबरलेल्याला धरायला काहीतरी द्यावं. तो दाराकडची मूठ धरत नाही, त्याचा हात इकडे येतो. मूठ इकडे आणा."

"आणि थांबलं?"

"थांबलं. बऱ्याच गाड्या सुरळीत गेल्या. मग पुन्हा सुरू. पुन्हा मूठ सरकवली, चाकाजवळ. पुन्हा थांबलं. बाहेर सांगायला कारण केलं, प्रवाशाच्या सोयीसाठी." आजोबा कोरडं हसले. "प्रवासी!"

"कोण होतं ते?"

"ते आम्ही विचारलं नाही. कामगार म्हणायचे अमका आहे, तमका आहे. प्रत्येकाचं वेगळं. मला विचाराल तर, जागा फार दिवस रिकामी ठेवली की कुणीतरी बसतंच."

बाईंचा चहा तसाच राहिला होता. त्या उठल्या. "म्हणजे माझ्या गाडीची मूठ चाकाजवळ बसवली की झालं."

"तुमच्या गाडीपुरतं झालं," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "नंतरच्या गाड्यांचं मला ठाऊक नाही. मी सोडलं. आम्हाला वाटायचं, ते घाबरतंय. म्हणून धरू बघतंय. पण शेवटी शेवटी मी त्याचा हात ओळखायला लागलो होतो... वळणावर तो माझ्याआधी चाक फिरवायचा. बरोबर फिरवायचा. ते घाबरत नव्हतं, बाई... ते शिकत होतं."

परत येताना बसच्या खिडकीशी बसून बाईंनी स्वतःला दोनदा विचारलं की हे काम आपण का सोडून देत नाही. डॉक्टरांना सांगावं, गाडी भंगारात घाला. पण डॉक्टर गाडी दुसऱ्याकडे नेणार. तो दुसरा पुस्तक बघणार आणि मूठ दाराजवळ बसवणार. चित्रात सुरेख दिसेल. आणि घाटात त्या एकट्याच असतील. छे! हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं बाईंच्या रक्तात नव्हतं. मुठीची खरी जागा ठाऊक असलेलं आणि हातात पाना धरणारं माणूस आता एकच होतं.

त्यांनी डॉक्टरांना मात्र सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे दादा खरं सांगत होता," डॉक्टर म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "अस्तर मीच निवडून दिलं होतं त्याला. तुम्ही मूठ बसवा. मी घाटातून जाणारच."

मूठ आर्किटेक्टच्या गाडीतली बघून नवीन घडवून घेतली. रंग चढला. नवऱ्यानं असा रंग पूर्वी कधी दिला नसेल. मग एका संध्याकाळी, उजेड असतानाच, बाईंनी स्वतःच्या हातानं मूठ त्या दोन भोकांत बसवली, स्क्रू आवळले आणि किल्ली फिरवली.

"मी येतो बरोबर," नवरा म्हणाला.

"तुम्ही आलात तर कळणार कसं?"

"फोरमनबाई..." तो चिडून म्हणाला, आणि मग नुसताच फाटकाशी उभा राहिला.

टाकीच्या रस्त्यावर गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलं होतं. इंजिनाचा आवाज एकसारखा, खोल. वळण दिसायला लागलं तसं बाईंनी चाक घट्ट धरलं. लोकरीचा वास आला. आधी मंद, मग अगदी नाकाशी. डाव्या दंडाला गारवा लागला. कोपराला काहीतरी किंचित घासलं, गर्दीत शेजारच्याचा हात लागावा तसं.

बाईंनी मान वळवली नाही. वर्कशॉपात नवशिक्या पोरांना शिकवताना त्यांचा एक आवाज असायचा. त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "धरून बसायचं. चाकाला हात लावायचा नाही."

करकर झाली. नवं कातडं आवळलं गेलं की होते तशी. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं, की मुठीचं कातडं दबलंय. बोटांच्या जागी चार खळगे पडलेत.

वळण आलं. चाक बाईंच्याच हातात राहिलं. गाडी सरळ, स्वच्छ वळली आणि पलीकडे निघाली. बाईंच्या तोंडून सुस्कारा निघाला, आणि त्यांना वाटलं... शेजारूनही निघाला.

फाटकात नवरा तसाच उभा होता. "ओढली?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि उतरल्या. उतरताना त्यांनी त्याचा खांदा धरला. "काम झालं."

डॉक्टरीणबाई घाटातून एकट्या गेल्या. वर पोचल्यावर त्यांनी फोन केला. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. "सरळ आली!" एवढं कळलं, आणि मग त्या लहान मुलीसारख्या रडत होत्या हेही कळलं. बाईंनी फोन ठेवून फरशीवरचे खडूचे डॅशबोर्ड पाण्यानं धुऊन काढले.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका दुपारी दोघं गॅरेजच्या दारात चहा पीत बसले होते, तेव्हा एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. बोलणं मनमोकळं.

"आर्किटेक्टसाहेबांनी तुमचा नंबर दिला. तसलीच गाडी घेतलीय मी, बाई. नंबर तपासून घेतला, कारखान्यातून निघालेली अगदी शेवटची. सगळं मूळचं, काही बदललेलं नाही. पण एक गोष्ट कळत नाही. म्हटलं तुम्हालाच विचारावं."

"मुठीचं?" बाईंनी विचारलं. नवऱ्यानं कप खाली ठेवला.

"अरेच्चा, कसं ओळखलंत? हो. ही मूठ चाकाच्या उजवीकडे आहे हो. दाराशी. म्हणजे ड्रायव्हरच्या समोर! आता मला सांगा, चालवणाऱ्याचे दोन्ही हात चाकावर. त्याला धरायला मूठ कशाला लागते?"

बाई उभ्या राहिल्या. फोनमधून मागे इंजिनाचा आवाज येत होता. एकसारखा, खोल.

"तुम्ही कुठून बोलताय?"

"गाडीतूनच. तुमच्याकडेच निघालोय. घाट उतरतोय आत्ता. काय सुंदर चालते हो, बाई..."

"ऐका माझं. गाडी बाजूला घ्या. हळू ब्रेक लावा आणि बाजूला घ्या. आत्ता."

मग तो माणूस बोलला, पण आवाजातला मोकळेपणा गेला होता.

"कशी घेऊ?" तो म्हणाला. "एका हातात फोन आहे... दुसऱ्या हातानं मी मूठ धरलीय."

बाई ऐकत राहिल्या. वारा ऐकू येत होता. मग कुणीतरी, अगदी सफाईनं, गिअर बदलला.